गेशे उब्बेनचं बारसं

पुस्तक काल कुरिअरने आलं. टिपणीससाहेबांनी नाशिकहून पाठवलंय. पातळसंच आहे. मुखपृष्ठावर राखाडी समुद्र आणि काठावर एक मोठं, रागीट बदक. वर लेखिकेचं नाव, गेशे उब्बेन. खाली बारीक अक्षरांत, अनुवाद : मानसी टिपणीस. या दोन नावांपैकी एकच खरं आहे. ते कुठलं, हे आज जगात आम्हा दोघातिघांनाच माहीत आहे, आणि त्यातल्या एकाला ते फार उशिरा आठवलं.

पुस्तक मी अजून उघडलेलं नाही. त्यातल्या सगळ्या गोष्टी मी मेथी निवडता निवडता ऐकलेल्या आहेत. उघडलं की मानसीताईंचा आवाज ऐकू येणार, आणि आज माझी दुपारची ड्यूटी आहे. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवरची बाईच रडत बसली, तर पेशंट आल्या पावली परत जातील.

मी दापोलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावची. लग्न होऊन दोहाला आले, तेव्हापासून फरीज बिन ओमरानमध्ये त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच मजल्यावर आहे. इथं येऊन मला स्वतःचं नाव जवळजवळ विसरायला झालं होतं. वॉचमन मला मुलाच्या नावानं उम्म साहिल म्हणायचा, खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी पोरगा फ्लॅट नंबरनं ओळखायचा, आणि नवऱ्याच्या दोस्तमंडळींत मी पारकरभाभी. एकदा लिफ्टमध्ये मी साहिलला गावच्या बोलीत झापत होते. कोपऱ्यात एक बुटकी, सडपातळ बाई उभी होती. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर. माझी सगळी शिवीगाळ त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

मी म्हटलं, पारकरांकडची. "ते सासरचं झालं. माहेरच्या कोण?" मी म्हटलं, मुकादम. "रुखसाना मुकादम," त्या म्हणाल्या, मीठ बरोबर पडलंय का ते बघावं तसं जिभेवर घोळवून. किती तरी वर्षांनी कुणीतरी मला त्या नावानं हाक मारली होती. मला एकदम शाळेच्या हजेरीची आठवण झाली, आणि 'हजर' म्हणायचं तोंडावर आलं.

तेव्हापासून फोनवर त्या मला कधी नुसतं रुखसाना म्हणाल्या नाहीत. आधी पूर्ण नाव, मग बोलणं. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईचं त्यांनी असंच केलं होतं. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आजींना तर माहेरचं गाव विचारून विचारून रडवलं होतं. लग्नकार्यात आपल्या बायका ज्या चिकाटीनं 'ही कुणाकडची' विचारतात ना, ती चिकाटी मानसीताईंच्या अंगी बारा महिने असायची. फरक एवढाच की त्यांच्या चौकशीतल्या बऱ्याचशा बाया मेलेल्या होत्या.

मानसीताई पुण्याला कॉलेजात असताना जर्मन शिकल्या. लग्नाआधी एका कारखान्यासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करायच्या. त्याला त्या नटबोल्टांचं वाङ्मय म्हणत. मग नाशिकच्या टिपणीसांकडे दिल्या, आणि साहेबांना इथं गॅस कंपनीत नोकरी लागल्यावर दोहात आल्या. साहेब पहाटेच्या बसनं उत्तरेला प्लांटवर जायचे ते अंधारून आल्यावर परतायचे. मुलगी केतकी शाळेत. घरात एसीचा आवाज आणि या एकट्या. केतकीचा जुना लॅपटॉप हाती आला आणि त्यांना एक खजिना सापडला. युरोपातल्या ग्रंथालयांनी आपली जुनी पुस्तकं पानन् पान फोटो काढून इंटरनेटवर ठेवलेली आहेत, कुणीही वाचावीत. त्यात त्या शिरल्या त्या शिरल्याच.

जुनी जर्मन छपाई म्हणजे करवंदीची जाळी, एक अक्षर धरायला जावं तर चार बोचतात. ती लिपी त्या एकट्यानंच शिकल्या. खालच्या टायपिंग सेंटरमधून पानं छापून आणायच्या आणि फ्रीजवर चुंबकांनी लावायच्या. एका हातानं आमटी ढवळायची, दुसऱ्या हातानं चष्मा वरखाली करायचा. युरोपातल्या कितीतरी कुलीन बायकांच्या लिखाणावर अशा रीतीनं टिपणीसांच्या गोड्या मसाल्याचे डाग पडलेत. त्यांना शोध होता तो अशाच बायकांचा, ज्यांनी लिहिलं, छापलं, लोकांनी वाचलंही, आणि मग ज्या पुसल्या गेल्या. कुणाचं पुस्तक 'एका स्त्रीच्या लेखणीतून', कुणाचं नवऱ्याच्या नावावर. एक सरदारीण होती, तिची नाटकं भावाच्या नावानं गाजली. एक सुईण होती, तिनं बाळंतपणाच्या पुस्तकात मधूनमधून कविता घुसडल्या होत्या. मानसीताईंचं म्हणणं, पुस्तकावर लेखकाचं नाव नसलं की समजावं, हे स्वयंपाक आवरून लिहिलेलं आहे.

नुसतं वाचून त्या थांबत नसत. त्यांना त्या बाईचं जन्माचं नाव हवं असायचं, कुणाची मुलगी, कुठल्या गावची. त्यासाठी परदेशातल्या चर्चना, गावोगावच्या शाळामास्तरांना ईमेल. कुणी उत्तर द्यायचं, कुणी नाही. "बाईचं माहेर सापडल्याशिवाय बाई सापडत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि नाव सापडलं की त्या बारसं करायच्या.

हो, बारसं. शुक्रवारी आमचे पुरुष नमाजहून येऊन जेवून आडवे झाले की फोन यायचा. रुखसाना मुकादम, ये, मुलगी झालीय. तीन-चार बायका जमायचो. टेबलावर त्या पुस्तकाचं पहिलं पान छापून ठेवलेलं, भोवती फुलांऐवजी कढीपत्ता, आणि मोठ्या पातेल्यात घुगऱ्या. मग आमच्यातली एक आत्या व्हायची. तिनं त्या कागदावर वाकायचं, 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं, आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मला आधी हे खूळ वाटलं. मी गावी अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, त्या बाईला कुणी दृष्ट लावलीय काय?" पण दुसऱ्या-तिसऱ्या बारशाला मी स्वतः घुगऱ्यांसाठी चणे भिजवून नेले. कुणाच्या तरी नावाचा एवढा आनंद करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

सगळ्यांत लाडकी होती पाद्रीणबाई. उत्तरेकडच्या समुद्राकाठी एका खेड्यातल्या पाद्र्याची बायको. तिच्या गोष्टींच्या पुस्तकावर छापलं होतं, पाद्री अमक्याची पत्नी. त्या अमक्याचं नाव मानसीताईंनी आमच्यासमोर कधी उच्चारलं नाही. म्हणायच्या, त्याचं छापलंय दोनशे वर्षं, पुरे झालं. मला वाटायचं, पाद्रीणबाई म्हणजे भक्तीबिक्ती असेल. कसलं काय. गोष्टी सगळ्या भांडणांच्या. एक तर दोन शेजारणींची. एकीचा गूस, म्हणजे तिकडचा हंसासारखा पाळीव पक्षी, दुसरीच्या वाफ्यात शिरतो, त्यावरून जन्मभर अबोला. मग एक मरते, आणि दुसरी तिच्या अंगणातल्या पाखरांना रोज गुपचूप दाणे टाकायला जाते, आणि कुणी बघितलं तर म्हणते, मी यांना शिव्या द्यायला आले होते.

ही गोष्ट ऐकून मी म्हटलं, ताई, ही आमच्या वाडीतली आहे, फक्त तिथं फणस होता. त्यांना तो पक्षी मराठीत आणताना मोठी पंचाईत पडली होती. हंस म्हणावं तर वाचकाला सरस्वती आठवते, आणि सरस्वतीच्या वाहनावरून कोण भांडेल. मी सुचवलं, कोंबडी करा. त्या माझ्यावर उखडल्या. "तिचं नाव काढून घेतलं ते पुरे नाही का? आता तिचं पाखरूही काढून घेऊ?" शेवटी मोठ्या नाराजीनं बदक झालं. तेच आता मुखपृष्ठावर आहे, आणि चेहऱ्यावरून तेही नाराजच दिसतं.

पाद्रीणबाईच्या सगळ्या गोष्टी मराठीत करून झाल्या तरी मानसीताई पुस्तक छापायला देईनात. पुण्याचे प्रकाशक तयार होते, पण या म्हणायच्या, नाव मिळाल्याशिवाय नाही. तिला मराठीतही पुन्हा कुणाची तरी बायको म्हणून आणू का? त्या खेड्यातल्या एका निवृत्त मास्तरांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. ते बिचारे दर नाताळाला शुभेच्छा पाठवायचे आणि लिहायचे, अजून सापडली नाही. केतकी तेव्हा कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्रजीत. ती एकदा म्हणाली, "आई, हू विल इव्हन रीड इट?" मानसीताई हसून म्हणाल्या, रुखसाना वाचेल. मी होकार दिला. घुगऱ्या खात होते, नाही कशाला म्हणू.

माझ्या भाचीच्या निकाहच्या दिवशी एक गोष्ट घडली. इथून आम्हाला जाता आलं नव्हतं, म्हणून माझ्या हॉलमध्ये फोन उभा करून सगळे बघत बसलो होतो. मानसीताई हातातला खिमा समोसा विसरून बघत होत्या. गावाकडे वकील, म्हणजे मुलीच्या वतीनं बोलणारा घरचाच माणूस, आणि साक्षीदार मुलीच्या खोलीत गेले आणि बापाच्या नावासकट तिचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, निकाह कबूल आहे का. शाहीन मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. आमच्यातल्या बायका डोळे पुसायला लागल्या. मानसीताईंनी नाकावरचा चष्माही काढला.

मंडळी पांगल्यावर त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. म्हणाल्या, लग्नात बापाच्या नावासकट हाक मारतात? मी म्हटलं, मारतात. आणि उद्यापासून? मी म्हटलं, उद्या पण शाहीनच, मरेपर्यंत शाहीनच, आणखी काय होणार? आमच्याकडे बायकांचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. ते मला कुणी शिकवू नये, मी त्यातच राहते. पण नाव मात्र कुणी काढून घेत नाही.

मग त्यांनी सांगितलं. मला तोवर खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, हिंदूंमध्ये लग्नानंतर आडनाव तेवढं बदलतं. त्यांच्या लग्नात सासरी पाऊल टाकल्यावर पाटावर बसवलं, ताम्हनात तांदूळ पसरले, आणि टिपणीससाहेबांनी अंगठीनं त्यात 'मानसी' असं लिहिलं. सगळ्यांना साखर वाटली. नाव छान आहे, असं सगळे म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं नव्हतं, उलट गंमत वाटली होती. "मी बघत होते, नाव किती पुसट उमटलंय. मग कुणीतरी ताम्हन हलवलं, आणि ते तांदूळ डब्यात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला असेल."

मी विचारलं, आधीचं नाव काय होतं?

ज्या बाईनं जगभरच्या बायांची नावं विचारली तिला स्वतःचं सांगताना लाज वाटत होती. मग म्हणाल्या, प्रवरा.

त्यांचं माहेर संगमनेरचं, प्रवरेकाठचं. वडील शाळेत शिक्षक, नदीवर जीव. पहिल्या मुलीला नदीचंच नाव दिलं. नाशिकच्या सासूबाईंना मुलगी पसंत पडली, पण नदीचं नाव असलेली मुलगी करू नये, ती घरात टिकत नाही, वाहून जाते, असं त्यांच्याकडे मानत. नाव बदलायचंच आहे, मग अडचण कुठली, असं म्हणून लग्न ठरलं. साहेबांना यातलं काही विचारलं नसावं, आणि त्यांनीही विचारलं नसावं. त्या सांगत होत्या, लहानपणी त्या वाळूत खेळायच्या, दिवेलागणीला वडील काठावर येऊन हाक मारायचे. लोक त्यांना चिडवायचे, मास्तर नदीला घरी बोलावतायत. हाक मारली की वडील तिथंच थांबायचे, ओ येईपर्यंत दुसरी हाक मारायचे नाहीत. आणि ही धावत यायची, "ओ, आले, आले" करत. लग्नानंतरही वडील एकटेच त्यांना प्रवरा म्हणायचे. ते गेले. भाऊ ताई म्हणतो. मी समोसे पुन्हा गरम केले आणि आम्ही दोघींनी ते खाल्ले. तेव्हापासून मला त्यांच्या बारशांचं हसू आलं नाही.

आजार निघाला तेव्हा साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. नाशिकला फ्लॅट घेतलेला, सामानाचे खोके आणून ठेवलेले. डॉक्टर म्हणाले, उपचार इथंच सुरू करू. मग खोके तसेच भिंतीला लागून राहिले. साहेब माणूस चांगला, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला भलतंच वाटायचं. बायकोच्या डब्यातला भात मऊ झाला का, हे ते चमच्यानं दाबून बघायचे. एका सुट्टीच्या दिवशी मानसीताईंनी हट्ट धरला, समुद्र बघायचा, पण इथल्या पर्ल बेटावरच्यासारखा सजवलेला नको, पाद्रीणबाईचा असेल तसा हवा. साहेब आम्हाला पार उत्तरेच्या टोकाला, मदिनत अश शमालच्या पुढं घेऊन गेले. तिथं किनाऱ्याला कोळ्यांचं एक गाव ओस पडलेलं आहे, छपरं गेलेली, भिंती तेवढ्या उभ्या. ताई दुपट्टा डोक्याला घट्ट गुंडाळून एका दारात उभ्या राहिल्या. औषधांनी केस गेले होते. म्हणाल्या, या चुलीवर जी बाई रांधत होती तिचं नाव कुणाला माहीत असेल? साहेब मागं घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन उभे होते. ते म्हणाले, मानसी, वाऱ्यात उभी राहू नकोस. त्या लगेच आत गाडीत येऊन बसल्या. त्यांनी आयुष्यात साहेबांचं म्हणणं कधी मोडलं नसावं.

पाद्रीणबाईचं नाव त्यानंतर थोड्याच दिवसांनी मिळालं. तिकडच्या त्या मास्तरांनी फोटो पाठवला होता. शेजारच्या गावातल्या जुन्या चर्चच्या भिंतीला लागून एक दगड होता. शेवाळ खरवडल्यावर अक्षरं निघाली. पाद्र्याशेजारी तिला पुरलेलंच नव्हतं. बापाशेजारी पुरलं होतं, बापाच्या गावात, बापाच्या नावासह. गेशे उब्बेन. ताई इस्पितळात औषधाची नळी लावून बसल्या होत्या, मी ड्यूटीवरून डबा घेऊन गेले होते. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "बघ, मेल्यावर माहेरी आली." आणि मग इतक्या रडल्या की फिलिपिनो नर्सला वाटलं सुई हलली.

बारसं दणक्यात झालं. त्यांना उभं राहवत नव्हतं, म्हणून घुगऱ्या मी केल्या. आत्याही मीच झाले. कागदावर वाकून कुर्रर्र करून मी गेशे उब्बेन म्हटलं, पाठीत धपाटे बसले, ताईंचा सगळ्यांत हलका. बायका गेल्यावर मी विचारलं, आता पुस्तकावर तुमचं कुठलं नाव घालणार? त्या म्हणाल्या, मानसी टिपणीस.

मी भांडले. माझा स्वभावच तो. म्हटलं, ज्या बाईची हाडंसुद्धा राहिली नाहीत तिच्या नावासाठी सहा-सात वर्षं पुस्तक अडवलंत, आणि स्वतःचं नाव छापायला तुम्हाला काय होतंय? त्या उशीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावरचा दुसरा चष्मा आता टिकत नसे, घसरून मानेवर यायचा. तो त्यांनी काढून हातात घेतला.

"पाद्रीणबाईचं नाव हरवलं होतं गं. माझं हरवलेलं नाही. कुठं आहे ते मला पक्कं माहीत आहे. फक्त तिथं हाक मारायला आता कुणी नाही, आणि कुणी हाक मारल्याशिवाय आपण होऊन कसं जायचं?"

मी म्हटलं, साहेबांना सांगा. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. त्या म्हणाल्या, त्यांना वाटेल, इतकी वर्षं मी दिलेलं नाव हिनं नुसतं वापरलं. आता या वेळेला कशाला त्यांना दुखवू. खलास, असं म्हणून त्यांनी विषय बंद केला. बोलणं संपवायचा हा इथला अरबी शब्द त्या क्वचितच वापरायच्या. हस्तलिखित त्या आठवड्यात पुण्याला गेलं. साहेबांनी स्वतः ईमेल केली आणि अनुवादिकेचं नाव नीट लिहिलं, शुद्धलेखन दोनदा तपासून. मला अजून त्याचं वाईट वाटतं, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही.

नाशिकला जायचं राहूनच गेलं. शेवटचा शुक्रवार होता. केतकीचं कॅनडाहून विमान निघालेलं. मी स्वयंपाक आटोपून इस्पितळात गेले तेव्हा जुम्माची गर्दी पांगत होती, खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते. साहेब खुर्चीत बसून होते, दाढी वाढलेली. म्हणाले, सकाळपासून बोलावतोय, ओ देत नाही. डॉक्टर म्हणतात ऐकू येत असेल, बोलत राहा. तुम्ही बघा जरा, तुमचा आवाज ती ओळखते.

मनगटाला पट्टी होती, तिच्यावर इंग्रजीत मानसी श्रीकांत टिपणीस. मी पलंगाजवळ जाऊन हाक मारली, मानसीताई. मग जरा मोठ्यानं. पापणीसुद्धा हलली नाही. साहेबही पलीकडून म्हणाले, मानसी, बघ कोण आलंय. श्वास तेवढा वरखाली होत होता. मला एकदम वाटलं, आपण दोघं चुकीच्या दारावर थापा मारतोय. मी वाकले, तोंड त्यांच्या कानाशी नेलं, आणि म्हटलं, "प्रवरा."

"ओ," त्या म्हणाल्या.

डोळे मिटलेलेच होते. पण आवाज स्वच्छ होता, थोडा धापा टाकत आलेला, आणि मी ओळखत होते त्या बाईचा तो नव्हताच. "आले, आले," त्या म्हणाल्या, आणि पांघरुणाखाली पाय हलले.

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. विचारलं, काय म्हणालात तुम्ही तिला? मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना आठवलेलं मला दिसलं. उजव्या हाताची बोटं त्यांनी हळूच एकमेकांवर घासली, अंगठी धरावी तशी. "अक्षर माझंच होतं," ते म्हणाले.

मग ते वाकले. उंच माणूस, पलंगाच्या दांड्यावर हात टेकून कसाबसा तिच्या कानापाशी पोचला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी ते नाव कधी घेतलंच नसावं, कारण पहिल्या अक्षरालाच त्यांची जीभ अडखळली. प्रवरा, ते म्हणाले. ताईंनी ओ दिली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा नीट. ताई शांत पडून होत्या. हाक नवी होती, त्यांना ती घरची वाटली नसावी, किंवा तोवर त्या पुष्कळ पुढं गेल्या असाव्यात.

मी डबा टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि दार लोटून बाहेर आले. लिफ्ट यायला वेळ लागला. तोवर मला आतून साहेबांची हाक ऐकू येत होती, आणि प्रत्येक हाकेनंतर ते थोडं थांबत होते.